चार वाजताचे हात

लेकीच्या साखरपुड्यात होणाऱ्या विहीणबाईंनी माझी ओटी स्वतः भरली नाही. ताट त्यांच्या जावेनं धरलं, कुंकू जावेनं लावलं, खण-नारळही जावेनंच माझ्या पदरात घातला. विहीणबाई शेजारी उभ्या राहून गोड हसत होत्या, दोन्ही हात पदराखाली. घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच मी म्हटलं, "बाईला तोरा बघा किती."

"थकल्या असतील," आमचे हे म्हणाले.

"थकायला? सकाळपासनं नांगर धरला होता का?"

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या गावात कुणालाही विचारा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, यांना सवय झाली आहे. ते मोबाइलवर बातम्या लावून बसले आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायला गेले. म्हणजे आपटायचा बेत होता. पण भांडं आपटायचं तर आधी धरावं लागतं, धरायला बोटं मिटावी लागतात, आणि माझी मिटत नाहीत. विहीणबाईंच्या नावानं बोटं मोडावीत, तर तीही सोय राहिलेली नव्हती.

इथं खरं ते सांगून टाकते. त्या दिवशी विहीणबाईंची ओटी मीही भरली नव्हती. माझ्या जावेनं भरली. माझेही हात पदराखालीच होते. पण माझं कारण खरं होतं आणि त्यांचा तोरा होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सहा वर्षांपूर्वी हे सुरू झालं. सकाळी उठले की बोटं आखडलेली असायची. कंगवा धरता येईना, गॅसचं बटण फिरेना, ब्लाउजचे हूक लागेनात. तास-दीड तास गरम पाण्यात हात घालून बसलं की ती हळूहळू माणसात यायची. मग सांधे सुजायला लागले आणि बोटं हळकुंडासारखी झाली, मधेच फुगलेली, टोकाला वाकडी. मी अंगणवाडीत शिकवते. पोरांना बोटांवर दहा मोजायला शिकवायचं आणि आपली दहा लपवायची, असा माझा दिवस. गुडघे दुखले असते तर चारचौघींत सांगता आलं असतं, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. चाळिशीत बोटं वाकडी झाली म्हटल्यावर लोक आधी बोटांकडं बघतात, मग तोंडाकडं, आणि मग आपापले उपाय सुरू करतात. निर्गुडीचा पाला झाला, एरंडेल झालं, आंबट सोडून झालं, कुठल्या कुठल्या गावी जाऊन हात चोळून घेऊन झाले. त्यात एक वर्ष गेलं आणि दोन बोटं गेली.

शेवटी दौंडला एक डॉक्टर मिळाले. ते पुण्याहून महिन्यातनं एकदा येतात. त्यांनी रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले आणि शांतपणे सांगितलं, "हा म्हातारपणाचा संधिवात नाही, हा आमवात. यात शरीर आपल्याच सांध्यांशी भांडायला उठतं. जन्मभराचं आहे. हाकलून जाणार नाही, पण नांदवून घेता येईल." माझं शरीर भांडकुदळ निघालं याचं घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आठवड्यातनं एकदा घ्यायची गोळी सुरू झाली, मधूनमधून रक्ताची तपासणी सुरू झाली, आणि दुखणं पुष्कळ आटोक्यात आलं. वाकडी झालेली बोटं मात्र तशीच राहिली.

त्याचंही मी फार काही करून घेतलं नसतं. पण लेकीसाठी स्थळं बघायला लागलो. पहिलंच स्थळ चांगलं होतं. मुलाच्या मावशीनं माझ्या हातातनं पोह्यांची बशी घेतली आणि बशी तशीच धरून विचारलं, "हे तुमच्यात पहिल्यापासनं हाय का? म्हंजी, तुमच्या आईला होतं का?" नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांचा फोन परत आला नाही. तेव्हापासून मी ठरवलं, लेकीचं लग्न लागेपर्यंत माझे हात कुणाला दिसायचे नाहीत. लेक म्हणायची, "आई, सांगून टाक गं. ज्यांना चालेल त्यांच्याकडं जाऊ." मी तिला गप्प केलं. केडगावचं हे स्थळ आलं तेव्हा मुलगा आणि ती आधीपासून एकमेकांना ओळखत होते, पुण्यात एकाच ऑफिसात होते, दोघांचं मन जुळलेलं होतं. ते माझ्या बोटांपायी मोडलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. देवापुढं हात जोडताना मी एवढंच मागायचे, आणि जोडलेले हातसुद्धा पदराखाली.

साखरपुडा असा निभावला. पुढं चुडा होता.

आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरतात. बांगडीवाली घरी येते, आधी नवरीला भरते, मग नवरीच्या आईला, मग भावकीतल्या सगळ्या बायकांना. हिरव्या काचेच्या बांगड्या. सगळ्या गोल करून बसतात आणि एकमेकींचे हात बघतात. त्या वेळी विहीणबाईंची नणंद-जाऊही येणार होत्या. आणि माझ्या मनगटात तेव्हा एकही काच नव्हती. चार वर्षांपूर्वी भरलेल्या बांगड्या मी काढल्याच नव्हत्या, कारण काढल्या तर सुजलेल्या सांध्यांवरून परत जाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. त्या एकेक करून वाढल्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. शेवटची नळाच्या तोटीवर आपटून वाढली, तेव्हा मी तिथंच मोरीत बसून रडले.

शिरूरच्या बाजारात एक चाची बांगड्यांचं दुकान लावतात. साठीच्या असतील. त्यांच्या सासरी कितीतरी पिढ्यांपासून हाच धंदा. आठवड्यात एक दिवस शिरूर, एक दिवस न्हावरा, एक दिवस केडगाव, असे त्यांचे बाजार ठरलेले. माझ्या लग्नाचा चुडा त्यांच्या सासूनं भरला होता, तेव्हा या शेजारी बसून हाताला साबण लावत होत्या. सासूची एक रीत त्यांनी सोडली नाही. मोजलेल्या बांगड्या भरून झाल्या की आपल्याकडून वर आणखी एक भरतात. तिचे पैसे घेत नाहीत. "ही वरची, आशीर्वादाची," म्हणतात.

लग्नाला दीड महिना होता. गर्दी व्हायच्या आत, सकाळी दहाला मी त्यांच्यापुढं जाऊन बसले. "चाची, जरा मोठ्या मापाच्या दाखवा. अंग वाढलंय माझं."

चाचींनी माझ्या मनगटाकडं पाहिलं. ते तर वाळून गेलेलं. मग त्यांनी माझ्या बोटांवरून अंगठा फिरवला, एकेका सांध्यावर थांबत.

"अंग न्हाई वाढलं," त्या म्हणाल्या. "कवापासनं हाय हे?"

"गाईनं लाथ मारली होती."

"धाच्या धा बोटांवर?"

मी हात ओढून घेणार होते, पण त्यांनी सोडला नाही. आजूबाजूला गिऱ्हाईक नाही असं बघून त्यांनी आपला दुसरा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. तीच गत. करंगळी बाहेरच्या बाजूला गेलेली, मधल्या सांध्यांना गाठी, अंगठा मुळाशी बाहेर आलेला. पंचवीस-सत्तावीस वर्षं मी या बाईकडून बांगड्या भरून घेत आले होते आणि तिच्या हातांकडं कधी पाहिलं नव्हतं. बांगड्या भरताना आपण सगळ्या आपल्याच मनगटाकडं बघत असतो.

"नऊ वर्सं," चाची म्हणाल्या. "कुठं बोलू नका. बांगडीवालीचीच बोटं वाकडी म्हणल्यावर तिच्या हातात हात कोण देईल? काच मोडून हातात घुसवील म्हणतील."

त्यांची मनगटं मोकळी होती. मी विचारलं, "तुम्ही नाही का भरत?"

"माझ्या वाजत राह्यल्या तर गिऱ्हाईकाच्या बांगडीला चीर गेल्याचा आवाज ऐकू येत न्हाई," त्या म्हणाल्या. मला ते पटलं.

मग त्यांनी मला शिकवलं ते असं. सकाळचा हात वेगळा आणि दुपारचा वेगळा. सकाळी सूज असते, सांधे अडून बसलेले असतात, तेव्हा जबरदस्ती केली तर बांगडीही जाते आणि बोटही. दुपारी चारच्या सुमाराला हात सगळ्यात मऊ असतो. त्याआधी कोमट पाण्यात ठेवायचा, मग त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, पिशवीला साबण लावायचा, आणि बांगडी सांध्यावर न ढकलता अंगठ्याच्या मुळाशी दाबून सरकवायची. "चार वाजता या," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाजारी. तवा आणखी एक-दोघी असतात. तुमच्यावाणी हातवाल्या."

"मला कुणाची गरज नाही," मी म्हटलं. "मला फक्त बांगड्या पाहिजेत."

"मग बांगड्यांसाठी या," चाची म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला बोलावलं.

बसमध्ये मी सगळा रस्ता धुमसत होते. हातवाल्या म्हणे. काय सर्कस आहे का. पण बाजाराच्या दिवशी दुपारी साडेतीनला माझी मी पिशवी उचलली आणि शिरूरला गेले.

दुकानाच्या मागं ताडपत्रीच्या सावलीत दोघी बसल्या होत्या. एक न्हावऱ्याकडची, घरची शेती असलेली, आणि एक शिरूरचीच, शिवणकाम करता करता हात धरल्यामुळं मशीन विकून टाकलेली. नावगाव कुणी विचारलं नाही. शेतीवाल्या बाईंनी पहिला प्रश्न केला, "सकाळी किती टाइम लागतो?" मी म्हटलं, "थंडीत दीड तास." त्या म्हणाल्या, "मला दोन." बस, एवढ्यावर आमची ओळख झाली. सहा वर्षांत पहिल्यांदा मला माझं दुखणं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, आणि त्याचं मला इतकं बरं वाटलं की मी उगाच चाचींवर खेकसले, "चहा तरी सांगा की, किती वेळ बसवून ठेवताय."

पुढच्या चार-पाच बाजारांत मी जे शिकले ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बरणीचं झाकण दाराच्या फटीत धरून फिरवायचं. लसूण चमच्याच्या पाठीनं दाबायचा. भाकरी थापणं जमत नसलं तर दोन प्लास्टिकच्या मधे ठेवून ताटलीनं दाबायची. शेतीवाल्या बाईंच्या सासूनं अशी भाकरी खाऊन म्हटलं होतं, "आजची भाकरी कुणी केली? चांगली झालीय." तेव्हापासून त्या रोज दाबूनच करतात आणि सासूला सांगत नाहीत. शिवणवाल्या बाईंनी माझ्या सगळ्या ब्लाउजांना हुकांच्या जागी वेलक्रोची चिकटपट्टी लावून आणली, मशीन विकलेलं असताना, हातशिलाईनं, रोज थोडी थोडी. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला काय वेड लागलंय का, त्या हातांनी?" त्या म्हणाल्या, "हातांना काम पाहिजे होतं." ते ब्लाउज मी अजून वापरते.

बांगड्या मात्र अजून भरल्या नव्हत्या. माझ्या मापाच्या हिरव्या, जरा जाड काचेच्या, चाची मागवणार होत्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "तुमच्या दौंडच्या डॉक्टरचा वार आन् आमचा केडगावचा बाजार एकच. येताना केडगावला उतरा. माल तिथंच येणार हाय. चार वाजता या, आधी नका येऊ."

"कशाला चार? मी दोनलाच मोकळी होते."

"चारला," चाची म्हणाल्या.

दौंडला रक्ताचा रिपोर्ट चांगला निघाला. मी खुशीत होते. रेल्वेनं केडगावला उतरले, बाजारातून वाट काढत निघाले. मनात धाकधूकही होती, कारण हे विहीणबाईंचं गाव. डॉक्टरांची फाइल मी साडीच्या पिशवीत खाली दडवली होती. चाचींचं दुकान लांबूनच दिसलं. त्यांच्यापुढं एक बाई पाठमोरी बसली होती, हातावर प्लास्टिकची पिशवी, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"आई गं, हळू," बाई म्हणाली.

आवाज मी ओळखला. परत फिरावं म्हणून पाय मागं घेतला आणि मागच्या टोमॅटोवाल्याच्या पाटीवर आपटले. तो ओरडला, आणि विहीणबाईंनी वळून पाहिलं.

त्यांनी हात पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला, पण बांगडी नेमकी सांध्यावर आली होती. चाचींनी हात घट्ट धरून ठेवला. "हलू नका," त्या म्हणाल्या, जणू काही झालंच नाही. "आता हललात तर वाढंल."

मी पळून जाऊ शकत होते, त्या जाऊ शकत नव्हत्या. म्हणून मीच खाली बसले.

विहीणबाईंचा चेहरा उतरला होता. त्या माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या, हळूहळू, बऱ्याच दिवसांपासून पाठ केल्यासारखं. "मी लपवलं, ताई. साखरपुड्याला पण. तुम्हाला वाटलं असतं, आपली पोर सून म्हणून जाणार आन् जन्मभर सासूची उस्तवार करत बसणार. आईबापाला वाटणारच की. तुम्हाला मोडायचं असंल तर आत्ता सांगा. पोराला मी सांगीन, तुमच्याकडं बोट न्हाई दाखवणार."

आणि मला काय झालं, तर राग आला. खरंच आला. गेले चार महिने जे बोलायची मला भीती वाटत होती, ज्याची मी आरशापुढं तालीम केली होती, ते या बाईनं माझ्याआधी म्हणून टाकलं. आणि मी त्याला तिचा तोरा म्हणत होते. घरी, जावेपाशी, सगळीकडं म्हणत होते. मला स्वतःची लाज वाटली. मी माझा पदर बाजूला केला आणि माझे दोन्ही हात चाचींच्या गोणपाटावर, त्यांच्या हाताशेजारी ठेवले.

विहीणबाईंनी मोकळ्या हातानं माझा अंगठा धरला.

"तुमचा तर अंगठा पण गेलाय," त्या म्हणाल्या.

"सहा वर्षं झाली. तुमची?"

"पाच."

"मग मी तुमच्याहून एक वर्षानं थोरली," मी म्हटलं, आणि त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्याही. चाचींनी तेवढ्यात बांगडी सांध्यावरून पलीकडं नेली. आम्हाला कळलंही नाही.

मी डॉक्टरांना पूर्वीच विचारून ठेवलं होतं ते त्यांना सांगितलं, की पोरांना हे होईलच असं काही नाही, आणि झालंच तर आता लवकर ओळखता येतं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग मी चाचींकडं वळले. "तुम्हाला दोन्हीकडचं माहीत होतं."

"एका बाजारातल्या बाईचा हात मी दुसऱ्या बाजारात सांगत न्हाई," चाची म्हणाल्या. "सासूनं घातलेली शपथ हाय. मी काय बोलले का? मी दोघींला निस्तं चार वाजता बोलावलं."

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे तोरा नव्हता तर." मी म्हटलं, "जेवायला बसा गुमान." लेकीला फोन केला. ती आधी हसली, आणि मग म्हणाली, "आई, आता दोन्ही हात बाहेर काढून फोटो काढायचे हं लग्नात."

चुडा आम्ही दुपारी चारला ठेवला. आमच्या आत्याबाई, म्हणजे यांच्या मोठ्या बहीण, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चुडा कवा दुपारचा भरत्यात का? काय नवीनच." अंगणात तीस-पस्तीस बायका होत्या, केडगावकडच्याही. मी हात वर केले. "माझी बोटं सकाळी उठत नाहीत, आत्याबाई. आमवात आहे मला. ती चार वाजता उठतात, म्हणून चुडा चार वाजता." वाटलं होतं आभाळ कोसळेल, पण आत्याबाई नुसत्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं न्हाई का. कोमट पाणी कुणी ठेवलंय का न्हाई?" आणि स्वतः उठून चुलीकडं गेल्या. चाचींनी आधी नवरीला भरलं, मग मला. अर्धा तास लागला, एक वाढली. दोन्ही हातांत नऊ-नऊ आणि उजव्यात वरची एक. सगळ्या उठून गेल्यावर आमच्या शेजारची एक बाई मागं राहिली. तिनं चाचींपुढं बसून हळूच हात पुढं केला, आणि मला म्हणाली, "जरा ती पिशवी देता का इकडं?" मी दिली. पुढचं विचारलं नाही.

लग्नात विहिणींच्या भेटीला आम्ही एकमेकींना स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. माझं त्यांच्या भुवईवर गेलं, त्यांचं माझ्या नाकाच्या शेंड्यावर. फोटोवाला म्हणाला, "मावशी, पुसून परत एकदा लावा ना." विहीणबाई म्हणाल्या, "एवढंच जमतंय बाबा, काढ." तो फोटो आमच्या दोन्ही घरांत भिंतीवर आहे. आता आमची गोळीही एकाच दिवशी असते. त्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर एकमेकींना फोन करतो, घेतलीत का म्हणून. लेक म्हणते, "माझी चौकशी शेवटी करता तुम्ही." खरं आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातनं जाईना. चुड्याच्या दिवशी अंगणात सगळ्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या आणि चाची आपलं सामान आवरून निघाल्या तेव्हा त्यांची मनगटं मोकळीच होती. मला एकदम उमगलं. ऐकू येत नाही वगैरे काही नव्हतं. त्यांच्या बोटांवरून बांगडी जात नव्हती, आणि स्वतःची स्वतःला भरता येत नाही, त्याला दुसरीचा हात लागतो. त्यांची सून पुण्यात. दुसऱ्या बांगडीवालीपुढं जाऊन बसावं तर गुपित फुटणार. मी विहीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपण दोघी कशाला हाय?"

ईदेच्या आधीचा शिरूरचा बाजार होता. विहीणबाई केडगावहून आल्या. चार वाजता आम्ही चाचींच्या समोर बसलो आणि मी म्हटलं, "आज तुम्ही इकडं या. आम्ही तिकडं बसतो."

चाचींना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या घाबरल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "गिऱ्हाईक हाय," त्या म्हणाल्या. "असं समद्यांसमोर नको. मागं ताडपत्रीत बसू."

"ताडपत्रीत कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "आम्ही बसलोच की तुमच्यापुढं उघड्यावर."

मग चाचींनी पदर सावरला, उठल्या, आणि गिऱ्हाईकाच्या जागेवर येऊन बसल्या. त्यांच्या हातावर पिशवी चढवायलाच आम्हाला पाच मिनिटं लागली. साबण दोनदा निसटला. मी धरायचं, विहीणबाईंनी सरकवायचं, असं ठरलं, पण तिघींची वाकडी बोटं एकाच ठिकाणी, कुणाचं कुठलं तेच कळेना. चाची सूचना देत होत्या, "सांध्यावर न्हाई हो, अंगठ्याच्या मुळाशी. किती येळा शिकवलं." मी म्हटलं, "गिऱ्हाईकानं गप्प बसायचं असतं." दोन वाढल्या. भोवती चार-सहा बायका जमल्या. त्या बांगड्यांकडं नाही, चाचींच्या हातांकडं बघत होत्या. कुणीतरी विचारलं, "चाची, तुमचं पण असंच हाय व्हय?" चाचींनी आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय. नऊ वर्सं झाली." विचारणारी गेली नाही. आपला नंबर धरून उभी राहिली.

सहा-सहा ठरल्या होत्या. भरून झाल्या तेव्हा बाजार उठायला लागला होता. चाचींनी पिशवी काढायला हात पुढं केला. मी म्हटलं, "थांबा." खोक्यातली एक हिरवी उचलली आणि त्यांच्या उजव्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी दाबत, हळूहळू सरकवली. ती पहिल्याच खेपेला गेली.

"ही कसली?" चाचींनी विचारलं. सहा तर झाल्या होत्या.

"ही वरची," मी म्हटलं.

चाचींनी हात कानाशी नेला आणि जरा हलवून ऐकलं. मग डोळे पुसून त्या पलीकडं आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि ताटकळलेल्या त्या बाईला म्हणाल्या, "आण बाई, हात आण."